अक्षता सोहळ्याचं लाइव्ह अडकायचं, ते असं सुटलं

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत अक्षता सोहळा होतो त्या संमती कट्ट्याजवळ गर्दी भरली की लाइव्ह व्हिडिओ गोल-गोल फिरत राहायचा. फोनवर नेटवर्कच्या कांड्या मात्र पूर्ण! कांड्या सिग्नल दाखवतात, वेग नाही. एकाच टॉवरवर हजारो फोन आले की अपलोडचा, म्हणजे फोनवरून व्हिडिओ बाहेर पाठवण्याचा वेग कोसळतो.

म्हणून स्पीड टेस्ट सकाळी नको, गर्दीतच घ्या आणि अपलोडचाच आकडा बघा. बिटरेट, म्हणजे व्हिडिओ दर सेकंदाला किती डेटा पाठवतो तो आकडा, त्याच्या निम्म्यावर ठेवा. ७२० पी स्पष्टतेला, सेकंदाला ३० फ्रेम धरून, २५०० केबीपीएस (२.५ एमबीपीएस) पुरतात, म्हणजे अपलोड ५ एमबीपीएस हवा. तेवढा नसेल तर ४८० पी. अडकणाऱ्या चित्रापेक्षा ते केव्हाही बरं. शेजारच्या दुकानातून ब्रॉडबँडची लॅन केबल मिळाली तर सोन्याहून पिवळं.

हलगीने आवाज फाटतो, माइकचा गेन (आवाज पकडण्याची पातळी) आधीच उतरवा. उन्हात फोन तापतो, त्याचं कव्हर काढा.