डी-पी आलेखातून न्यूट्रॉनची कक्षा कशी ओळखायची

राजारामपुरीत माझ्याकडे एमएस्सीची मुलं संध्याकाळी न्यूक्लिअर फिजिक्सला येतात. कुणी कागलहून, कुणी गडहिंग्लजहून, शेवटची एसटी सांभाळून. प्रवेगक हाताशी नसला तरी प्रसिद्ध झालेल्या मोजमापांवर हे काम घरी बसून उत्तम करता येतं. त्यांना शिकवते तीच रीत इथं लिहिते.

सुरुवात कॅल्शियम 40 पासून करा. त्यात 20 प्रोटॉन, 20 न्यूट्रॉन. दोन्ही जादुई आकडे, म्हणजे कवचं काठोकाठ भरलेली. त्यावर ड्यूटेरॉन (एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांची जोडी) सोडा, समजा 10 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचा. ड्यूटेरॉनची बांधणी जेमतेम 2.22 एमईव्हीची, त्यामुळे न्यूट्रॉन केंद्रकात राहतो आणि प्रोटॉन बाहेर पडतो. ड्यूटेरॉन आत, प्रोटॉन बाहेर, म्हणून ही डी-पी अभिक्रिया. तयार झालेल्या कॅल्शियम 41 मधला हा एकविसावा न्यूट्रॉन कुठल्या कक्षेत बसला, हे आपल्याला त्या प्रोटॉनकडून काढून घ्यायचं आहे.

प्रोटॉनची ऊर्जा मोजली की पातळीची ऊर्जा मिळते: तळाची 0, मग 1.94, 2.01, 2.46, वर 3.94 एमईव्ही. मुलं इथंच कवच-प्रतिमानाचा (कक्षा कुठल्या क्रमानं भरतात ते सांगणारा) तक्ता उघडून खालून वर नावं वाटायला लागतात. तसं करू नका. आधी कोन बघा, नाव नंतर द्या.

प्रत्येक पातळीसाठी कोन आडव्या अक्षावर आणि काटछेद (त्या कोनात प्रोटॉन निघण्याची शक्यता) उभ्या अक्षावर घ्या. कागद सेमी-लॉगच (उभा अक्ष दहाच्या पटींत आखलेला) हवा. एल म्हणजे न्यूट्रॉनचा कक्षेतला कोनीय संवेग सांगणारा आकडा. साध्या आलेखकागदावर एल = 1 चं उंच शिखर सगळी जागा खातं आणि एल = 3 चा बसका फुगवटा तळाच्या रेषेला चिकटून जातो; सेमी-लॉगवर दोन्ही वेगळे दिसतात. न्यूट्रॉन जितका जास्त कोनीय संवेग घेऊन बसतो, तितकं पहिलं शिखर मोठ्या कोनाकडे सरकतं. 10 एमईव्हीला एल = 1 चं शिखर साधारण 15 ते 20 अंशांत येतं, एल = 3 चं 35-40 च्या आसपास. एल = 0 असेल तर वक्र थेट शून्य अंशाकडे चढतो. बटलर या भौतिकशास्त्रज्ञानं 1951 मध्ये ही किल्ली दिली आणि आजही पहिली नजर तिच्यावरच टाकायची.

तळाची पातळी एल = 3 निघते, म्हणजे एफ 7/2 (एल 0, 1, 2, 3 ची नावं एस, पी, डी, एफ; पुढचा अपूर्णांक म्हणजे स्पिन धरून एकूण कोनीय संवेग). 1.94 आणि 2.46 या दोन्ही एल = 1, दोन्ही पी 3/2. एका कक्षेच्या दोन पातळ्या कशा? सातबारा एकच, पण वाटणी झालेली. न्यूट्रॉनची कक्षा गाभ्याच्या हालचालींत मिसळते आणि तिची ताकद विभागली जाते. मोठा वाटा 1.94 कडे, लहान 2.46 कडे.

हा वाटा मोजायचा तर डीडब्ल्यूबीएचं, म्हणजे अपेक्षित काटछेद काढायच्या रीतीचं, गणित करा (फ्रेस्को ही संगणक-आज्ञावली चालेल) आणि मोजलेला काटछेद गणितातल्या काटछेदानं भागा. आला तो स्पेक्ट्रोस्कोपिक फॅक्टर. रिकाम्या कक्षेच्या सगळ्या तुकड्यांची बेरीज एकाच्या जवळ जायला हवी. कक्षेची खरी ऊर्जा म्हणजे त्या तुकड्यांची वाट्यानुसार काढलेली सरासरी, एकट्या 1.94 ला पी 3/2 ची ऊर्जा म्हणू नका. ऑप्टिकल पोटेन्शियल (येणाऱ्या-जाणाऱ्या कणावर केंद्रकाचा प्रभाव गणितात धरण्याचं सूत्र) बदललं तर हा फॅक्टर वीस-तीस टक्क्यांनी सहज हलतो, म्हणून कुठलं वापरलं ते आकड्याशेजारीच लिहा. न लिहिलेला आकडा मी वहीत तपासतच नाही.

2.01 ची पातळी जपून हाताळा. ती 3/2 धन (एकूण कोनीय संवेग 3/2, समता धन), 1.94 पासून 67 केईव्हीवर, म्हणजे 0.067 एमईव्हीवर. शोधक (डिटेक्टर) ढोबळ असेल तर दोन्ही एकच शिखर होऊन बसतात. मुळात ती भरलेल्या डी 3/2 कक्षेतलं भोक आहे, म्हणून डी-पी मध्ये दुबळी. कॅल्शियम 42 मधून न्यूट्रॉन काढून घेणाऱ्या पी-डी अभिक्रियेत तीच ठळक उठते. दोन्ही अभिक्रियांचे आलेख शेजारी ठेवल्याशिवाय तिच्याबद्दल काही ठरवू नये.

एल = 1 कळलं तरी 3/2 की 1/2 हे समोरच्या, लहान कोनांवरून ठरत नाही. ली आणि शिफर या भौतिकशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये दाखवलं, की पी 1/2 चा वक्र मागच्या (90 अंशांपलीकडच्या) कोनांत खोल बुडी मारतो. 3.94 च्या पातळीला ती बुडी शोधा. ध्रुवित (स्पिन एका दिशेला लावलेल्या) ड्यूटेरॉनची मोजमापं मिळाली तर निवाडा आणखी पक्का होतो.

हे जमलं की कॅल्शियम 48 घ्या. तिथं एफ 7/2 आधीच भरलेली असल्यामुळे कॅल्शियम 49 ची तळाची पातळीच पी 3/2 असते आणि 2.02 ला पी 1/2 येते. दोन्हींचे वक्र एकाच कागदावर काढा आणि मागचे कोन ताडून बघा.