सगळ्यांचं ऐकू येतं, पण आपलं कुणालाच जात नाही : ट्रकमधल्या सीबी रेडिओच्या या चुका टाळा

एका जानेवारीत मी अमेरिकेतल्या वायोमिंगमधून आय-८० महामार्गाने पश्चिमेकडे चाललो होतो. ट्रकमध्ये सीबी होता, म्हणजे ड्रायव्हर आपसात बोलायला वापरतात तो जवळच्या अंतराचा रेडिओ. लॅरमी आणि रॉलिन्सच्या मध्ये, एल्क माउंटनच्या आसपास, वारा असा सुटतो की रिकामा ट्रेलर आडवा होतो. पुढे रस्ता बंद केलाय का, हे मी ट्रकवाल्यांच्या नेहमीच्या चॅनल १९वर परत परत विचारत होतो. समोरून येणाऱ्या ड्रायव्हरांचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं, पण मला कुणी उत्तर देईना. माझे उच्चार ऐकून लोक टाळतायत असं वाटलं आणि ते मनाला लागलं. रॉलिन्सला थांबलो तेव्हा शेजारच्या ट्रकमधला म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "तू पार्किंगमध्ये शिरलास तेव्हा कुठे तुझा आवाज पहिल्यांदा आला."

आरशाच्या दांड्यावरची अर्थिंगची पट्टी रस्त्यावरच्या मिठाने खाल्ली होती, एवढंच कारण निघालं. रेडिओ ठणठणीत होता. अमेरिकेत आणि कॅनडात ट्रक चालवणाऱ्या आपल्या लोकांना मी म्हणूनच सांगतो, आवाज जात नाही म्हटल्यावर आधी रेडिओ बदलू नका. बिघाड बहुतेक वेळा रेडिओच्या पाठीपासून अँटेनाच्या टोकापर्यंत कुठेतरी असतो.

ऐकू येतंय म्हणजे अँटेना चांगला, हा समज

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. रेडिओचा ऐकण्याचा भाग हवेतून आलेला अगदी क्षीण सिग्नलही हजारो पटींनी वाढवून घेतो, त्यामुळे अर्धवट तुटलेल्या वायरवरही दुसऱ्याचं बोलणं ऐकू येतं. बोलताना मात्र तुमच्याकडे कायद्याने एएमवर (सीबीवर बोलायची नेहमीची पद्धत) फक्त ४ वॅट असतात. ते वाटेत गळाले तर ती तूट दुसऱ्या टोकाला कुणी भरून काढत नाही.

म्हणून पहिलं काम, शेजारच्या ड्रायव्हरला विचारा की त्याला नेमकं काय ऐकू येतंय. "काहीच नाही" आणि "बटण दाबल्याचं कळतं, बोलणं नाही" या दोन उत्तरांत फार फरक आहे. तुम्ही बटण दाबल्यावर त्याच्याकडची खरखर थांबत असेल आणि शब्द येत नसतील, तर लहर निघतेय, दोष माइकमध्ये आहे. जवळ स्वच्छ आणि अर्ध्या मैलावर गायब असाल, तर अँटेना किंवा अर्थिंग पाहा. आवाजात शिट्टी असेल आणि इंजिनचे फेरे वाढले की तीही चढत असेल, तर ती अल्टरनेटरची आहे. रेडिओची वीज चुकीच्या ठिकाणाहून घेतली आहे.

बटणं आधी बघा

सीबी/पीए असा खटका असतो. पीए म्हणजे आवाज हवेत न जाता भोंग्यावर जातो. झोपायच्या केबिनमधून सामान काढताना हात लागून तो पीएवर गेला, तर तुम्ही कितीही बोला, हवेत काहीही जात नाही. माइक गेन (माइकचा आवाज किती उचलायचा ते ठरवणारं बटण) शून्यावर आहे का ते पाहा. आरएफ गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) याचा बोलण्याशी संबंध नाही, तो फक्त ऐकण्यासाठी. स्क्वेल्च (क्षीण सिग्नल आणि खरखर दाबणारं बटण) फार चढवला असेल तर लोक उत्तर देतायत आणि तुम्हालाच ऐकू येत नाही. अमेरिकेत २०२१पासून सीबीवर एफएम या दुसऱ्या पद्धतीलाही परवानगी आहे, त्यामुळे काही नव्या रेडिओंवर एएम-एफएम बदलायचं बटण असतं. चॅनल १९वर बाकी सगळे एएमवर असतात. तुम्ही चुकून एफएमवर गेलात तर त्यांना तुमचं बोलणं धड ऐकू येत नाही.

अर्थिंग

इथे जरा सविस्तर सांगतो, कारण सेमी ट्रकची (ट्रेलर ओढणाऱ्या मोठ्या ट्रकची) खरी मेख इथेच आहे.

सीबीची लहर ११ मीटरची. तिचा पाव भाग म्हणजे पावणेतीन मीटर, तेवढा अँटेना हवा. आपण चार फुटी अँटेनात तार गुंडाळून भागवतो. पण तो अँटेनाचा निम्माच भाग झाला. उरलेला निम्मा म्हणजे ट्रकचं धातूचं अंग. आजच्या सेमीचं बॉनेट फायबरग्लासचं, वरची वारा कापणारी झाकणं प्लास्टिकची आणि आरशाचे दांडे रंगवलेले, रबरावर बसवलेले. म्हणजे अँटेना लोखंडावर बसवलाय असं दिसतं, पण त्या लोखंडाचा चासीशी संबंधच नसतो.

मल्टिमीटरचं एक टोक अँटेनाच्या ब्रॅकेटवर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर लावा. जवळजवळ शून्य ओहम यायला हवेत. नाही आले तर ब्रॅकेटपासून केबिनच्या धातूपर्यंत तांब्याची विणलेली चपटी पट्टी टाका, जितकी आखूड आणि रुंद तितकी चांगली. लांब बारीक वायर मल्टिमीटरवर चांगली दिसते, पण सीबीच्या २७ मेगाहर्ट्झच्या लहरीला ती अडवते. बोल्टखालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. दर हिवाळ्यानंतर हे परत करावं लागतं.

दुसरा गुन्हेगार म्हणजे स्टडखालचा (अँटेना ज्यावर बसतो त्या बोल्टखालचा) नायलॉनचा वॉशर. अँटेनाचा मधला भाग ब्रॅकेटला लागू नये म्हणून तो असतो. घाईत लोक तो उलट बसवतात किंवा गाळतात, आणि सगळी ताकद थेट चासीत उतरते. तपासायला अँटेना काढा, केबल रेडिओतून सोडवा. प्लगच्या मधल्या टोकापासून स्टडपर्यंत मल्टिमीटर वाजला पाहिजे (म्हणजे जोड सलग आहे), आणि मधलं टोक व बाहेरचं कवच यांच्यात वाजता कामा नये. मीटर लावलेला असतानाच केबल हलवून बघा. दाराच्या फटीतून आत घेतलेली केबल दार आपटून आपटून आतल्या आत चिरडलेली असते, हलवल्याशिवाय ती पकडली जात नाही.

दोन अँटेना, एक केबल

दोन्ही आरशांवर अँटेना असतील तर त्यांची जोडकेबल वेगळी असते. ७५ ओहमच्या दोन सारख्या लांबीच्या शाखा, बहुधा १८-१८ फुटांच्या, एका प्लगवर येतात. एक अँटेना मोडला म्हणून तो काढून दुसऱ्यावर काम भागवणं चालत नाही. एकच ठेवायचा तर ५० ओहमची साधी एकेरी केबल टाका. जास्तीची केबल कापू नका आणि मुठीएवढी घट्ट गुंडाळूही नका. हातभर व्यासाचे सैल वेढे करून ठेवा.

अँटेनाची उंचीही बघा. ट्रेलर साडेतेरा फूट उंच असतो. अँटेनाचं टोक त्याच्या छपराखाली राहिलं तर मागच्या लोकांना तुमचा आवाज पुढच्यांपेक्षा कमी जातो. फायबरग्लासच्या काडीवर झाडाची फांदी आपटली की आतली तार तुटते आणि वरचं आवरण जसंच्या तसं राहतं. अशा वेळी दुसऱ्या ट्रकवरचा तसाच चांगला अँटेना दोन मिनिटं लावून पाहणं हा सगळ्यात सोपा उपाय.

एसडब्ल्यूआर न मोजता बोलत राहणं

एसडब्ल्यूआर मोजायचा, रेडिओ आणि केबल यांच्यामध्ये लावायचा छोटा मीटर प्रत्येक ट्रकमध्ये हवा. अँटेनाकडे गेलेली ताकद आणि तिथून परत आलेली ताकद यांचा मेळ तो दाखवतो. १.५च्या आत असेल तर उत्तम, कारण फक्त ४ टक्के परत येतात. २ला साधारण ११ टक्के, ३ला २५ टक्के. ३च्या वर बोलत राहिलात तर रेडिओचे शेवटचे ट्रान्झिस्टर तापून जातात. अँटेना न लावता "फक्त बघू" म्हणून बटण दाबणं तर कधीच नको.

मोजताना ट्रक मोकळ्या जागेत, ट्रेलर जोडलेला, दारं बंद, आसपास दुसरी गाडी किंवा छप्पर नको. चॅनल १ आणि ४०वर (पहिल्या आणि शेवटच्या) मोजा. १वर जास्त असेल तर अँटेना आखूड पडतोय, लांबवा. ४०वर जास्त असेल तर लांब झालाय, कमी करा. दोन अँटेना असतील तर दोन्ही सारखेच फिरवा. आणि दोन्ही चॅनलवर ३च्या वर असेल तर लांबीशी झटापट करू नका, वरच्या अर्थिंगच्या आणि वॉशरच्या तपासणीवर परत जा.

माइक आणि वीज

माइकची वायर प्लगजवळ किंवा हँडलजवळ आतून तुटते. बोलताना वायर हलवा. आवाज ये-जा करत असेल तर तेच. दुसऱ्या कंपनीचा माइक चार पिनांचा दिसतो म्हणून लावू नका, आतल्या जोडण्या वेगळ्या असू शकतात. आवाज वाढवणारा माइक पूर्ण चढवला की शब्द फाटतात.

सिगारेट लायटरच्या सॉकेटवर रेडिओ कायमचा चालवू नका. बटण दाबल्यावर डिस्प्ले मंद झाला तर वीज अपुरी पडतेय. बहुतेक अमेरिकन ट्रकमध्ये छताजवळच्या सीबीच्या कप्प्यात लाल-काळे बोल्ट दिलेले असतात, ते वापरा, आणि फ्यूज रेडिओवर लिहिलाय तेवढ्याचाच. इथली गाडी १२ व्होल्टची आहे. आपल्याकडच्या मोठ्या ट्रकची व्यवस्था २४ व्होल्टची असते. हाच रेडिओ तिथे थेट जोडला तर जळेल.

दुकानात "पीक अँड ट्यून" करून घेणं

ट्रक स्टॉपवर रेडिओ उघडून त्याची ताकद वाढवून देणारे भेटतात. त्यात बहुधा आवाजाची मर्यादा राखणारा भाग काढला जातो. मग तुमचा आवाज शेजारच्या चॅनलवर सांडतो आणि तुमच्या स्वतःच्या चॅनलवर ओळखू येत नाही. बाहेरचा अँप्लिफायर सीबीवर बेकायदा आहे. अर्थिंग खराब असताना ताकद वाढवली की वाया जाणारी ताकद फक्त वाढते. रेडिओच बिघडलाय का हे ठरवायला अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (ताकद हवेत न सोडता जिरवणारा रोधक) लावा. त्यावर वॅटमीटरने एएमवर ४ वॅटच्या आसपास दाखवलं तर रेडिओची ताकद ठीक आहे. शून्य दाखवलं, आणि दुसऱ्या माइकनेही शून्यच, तर तो दुरुस्तीला द्या.

सगळं झाल्यावर "रेडिओ चेक" एवढंच ओरडू नका. सूर्याचा जोर असलेल्या वर्षांत चॅनल १९वर शेकडो मैलांवरचे आवाज घुसतात आणि त्या गोंधळात तुमची हाक बुडून जाते. रस्ता, दिशा आणि माइल मार्कर (रस्त्याकडेच्या पाटीवरचा मैलाचा आकडा) सांगा : "आय-८०, पश्चिमेकडे, २११." उत्तर देणाऱ्यालाही त्याचा मार्कर विचारा आणि दोन्ही आकड्यांची वजाबाकी करा, म्हणजे आवाज किती मैल गेला ते कळतं. अर्थिंग दुरुस्त झाल्यावर दुसऱ्या दिवशी माझं उत्तर २०६वरून आलं.