मोठे टायर टाकल्यावर मायलेज असं मोजा

लिफ्ट किट (गाडी उंच करणारे सुटे भाग) आणि मोठे टायर टाकले की मायलेज फारच पडलं असं वाटतं, पडतं हे खरंच, पण टायर मोठा झाला की ओडोमीटर कमी किलोमीटर दाखवतो म्हणून आकडा आहे त्याहून वाईट दिसतो.

१. टाकी फुल करा, ऑटो कट झाला (पंपाचा नोझल आपोआप बंद झाला) की थांबा, ट्रिप मीटर शून्य करा.
२. पुढच्या वेळी तसंच फुल करून लिटर लिहून ठेवा.
३. ट्रिपचे किलोमीटर गुणिले नव्या टायरचा व्यास भागिले जुन्याचा, मग भागिले लिटर.

२३५/७० आर१६ (रुंदी मिमीत / बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचात) काढून २६५/७५ आर१६ टाकले तर मीटरवरचे १०० म्हणजे साधारण १०९ किमी.

स्पीडोमीटरपण तेवढाच कमी दाखवतो, हायवेला नक्की लक्षात ठेवा.