विस्तार की वृद्धी? आधी भाव विचारा
बारावीच्या अर्थशास्त्रात मागणीचा 'विस्तार' आणि मागणीतील 'वृद्धी' यांत पोरं हमखास गोंधळतात. व्याख्या घोकून उपयोग नाही. एकच प्रश्न विचारा: त्या वस्तूचा स्वतःचा भाव बदलला का?

समजा, मोंढ्यात तुरीची आवक वाढली, डाळ १६० वरून १३० रुपयांवर आली आणि घरात दोनऐवजी तीन किलो आणली. भाव बदलला, म्हणजे विस्तार. मागणीचा वक्र (भाव आणि मागणी यांचं नातं दाखवणारी आकृतीतली रेषा) तोच, आपण त्याच्यावरच खाली सरकलो. आता साबुदाणा घ्या. भाव जागच्या जागी, पण आषाढी एकादशी आली आणि किराणा दुकानात पोती रिकामी झाली. ही वृद्धी, इथे अख्खा वक्र उजवीकडे सरकतो. उलट बाजूला संकोच (भाव वाढून मागणी घटणं) आणि ऱ्हास (भाव तोच असून मागणी घटणं), त्यांनाही हाच प्रश्न.

आकृती काढताना किंमत उभ्या अक्षावर, मागणी आडव्या. (गणितवाल्या पोरांना हे उलटं वाटतं, पण इथली रीत तीच.) अक्षांना नावं आधी लिहा, वक्र मागून. सोयाबीनचं उदाहरण मात्र इथे जपून वापरा: आपल्याकडे बहुतेक घरं ते विकणारी, त्यामुळे बोलता बोलता आपण पुरवठ्यात शिरतो.