आठवीत येणाऱ्यांनो, नववी सांभाळा

निरोप समारंभाच्या आदल्या आठवड्यात आमच्या वर्गशिक्षिका बाईंनी प्रत्येकाच्या हातात एकेक फुलस्केप कागद दिला आणि म्हणाल्या, "जूनमध्ये आठवीला नवी मुलं येतील, त्यांच्यासाठी लिहा. माझं कौतुक नको, शाळेचंही नको. आपल्याला हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं असं जे वाटतं, तेवढंच लिहा." वर्गात आम्ही 38 जण. दोघं त्या दिवशी तापाने घरी होती, म्हणून कागद जमले 36. परीक्षा संपल्यावर ते एकत्र करून नीट लिहून काढायचं काम बाईंनी माझ्याकडे दिलं.

मला वाटलं होतं, सगळीकडे दहावीच असणार. किती तास अभ्यास करायचा, कुठला अपेक्षित प्रश्नसंच घ्यायचा, असलं काहीतरी. पण 22 कागदांवर नववी होती. "नववीत लक्ष दिलं असतं तर" हे वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येत होतं. पहिल्या नंबरच्या मुलाच्या कागदावर होतं आणि दहावीत जेमतेम पस्तिशी गाठणाऱ्या मुलाच्याही होतं. म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते.

आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा तालुक्यात, आजूबाजूच्या पाच-सहा वाड्यांना मिळून एकच हायस्कूल. सातवीपर्यंत जो तो आपापल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत असतो आणि आठवीला सगळे इथे येतात. आमची बॅच जून 2022 मध्ये आली. आमची सहावी कोरोनामुळे मोबाईलवर गेली होती. रेंज मिळावी म्हणून आम्ही सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळ माळावर जाऊन बसायचो आणि पाऊस आला की तासही बुडायचा. त्यामुळे आठवीत आलो तेव्हा अपूर्णांक कच्चे, आणि सलग एक पान वाचलं की आमच्यातले निम्मे थकायचे. तुमच्या वाट्याला ते आलं नसेल. पण मागचं काहीतरी कच्चं प्रत्येकाचं असतंच, आणि ते आठवीत कळत नाही, कारण आठवी तशी सोपी जाते. पुस्तकं शाळेकडून मिळतात, दुपारी खिचडी मिळते, मैदान मोठं, मित्र नवे. नववीला पुस्तकं विकत घ्यावी लागतात आणि खिचडीही बंद होते. आमच्या वेळी आठवीपर्यंत कुणाला त्याच वर्गात ठेवत नव्हते, त्यामुळे नापास होणं म्हणजे काय हे आम्हाला नववीतच पहिल्यांदा दिसलं. आता पाचवी आणि आठवीलाही वार्षिक परीक्षा आहे, म्हणजे तुम्ही थोडे आधीच सावध व्हाल.

माझं सांगते. नववीच्या पहिल्या सत्रात बीजगणितात मला 40 पैकी 11 मार्क पडले. पेपर घरी दाखवला नाही, दप्तराच्या तळाशी घडी करून ठेवला. गणिताच्या सरांनी दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत बोलावलं. ओरडले नाहीत. फळ्यावर एक राशी लिहिली, एक्सचा वर्ग अधिक पाच एक्स अधिक सहा, आणि म्हणाले, "अवयव पाड." मी खडू धरून उभी. सरांनी विचारलं, "गुणाकार सहा आणि बेरीज पाच, अशा दोन संख्या कुठल्या?" दोन आणि तीन, हे मला तोंडी लगेच आलं. पण मधल्या पदाचे दोन तुकडे करून पुढे कसं जायचं, ते येईना. सर म्हणाले, "ही आठवीतली गोष्ट आहे. तुझं नववीचं गणित अडलेलं नाही, आठवीचं अडलंय." आणि आठवीचं पुस्तक हातात दिलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी नववीत असून आठवीचा अवयवांचा धडा सोडवला. रोज दहा उदाहरणं, चुकलं की पुन्हा. आठ-नऊ दिवसांत हात बसला. त्यानंतर नववीची बहुपदी समजली, आणि दहावीला वर्गसमीकरणं आली तेव्हा मला नवीन असं फारसं काही नव्हतंच. हे माझ्या एकटीचं नाही. दोन चलांतील रेषीय समीकरणं नववीलाही आहेत आणि दहावीलाही. त्रिकोणमिती, निर्देशक भूमिती, सांख्यिकी, अर्थनियोजन यांची पहिली ओळख नववीतच होते. दहावीत शिक्षक ती ओळख गृहीत धरून पुढे जातात, मागे वळायला त्यांना वेळ नसतो. म्हणून नववीच्या जूनमध्येच आठवीचं गणिताचं पुस्तक उघडा आणि प्रत्येक धड्याची दोन-दोन उदाहरणं सोडवून बघा. जिथे हात थांबेल तिथून सुरुवात करा. लाज वाटू देऊ नका, सरांकडे जा. मधल्या सुट्टीत ते बसलेले असतात आणि विचारायला गेलेलं कुणीही त्यांनी परत पाठवलेलं मी पाहिलं नाही.

आमच्यातला एक मुलगा नववीत नापास झाला आणि शाळा सोडून मुंबईला काकांकडे कामाला गेला. आता तो 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणार आहे. त्याचा कागद या 36 मध्ये नाही, पण मी फोन करून त्याला विचारलं. तो म्हणाला, "त्यांना सांग, नापास झालात तरी वर्गात बसा. मी उगाच गेलो." तो म्हणाला तसंच लिहिलं आहे.

सेमी इंग्रजी घेणाऱ्यांसाठी एक सोपी गोष्ट. विज्ञानाच्या वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने आखा. एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. अपवर्तन, रिफ्रॅक्शन. संयुजा, व्हॅलन्सी. त्वरण, ॲक्सिलरेशन. आठवीपासून लिहीत गेलात तर दहावीपर्यंत तीन-चारशे शब्द होतात आणि अकरावीला विज्ञान घेतलंत तर तेच कामाला येतात. मी आत्ता अकरावीत आहे, ती वही अजून माझ्या टेबलावर असते.

प्रयोगवहीही दुसऱ्याची बघून उतरवू नका. काचेच्या चिपेचा प्रयोग आम्ही खरोखर केला तो दिवस मला आठवतो. कागदावर चीप ठेवून बाजूने पेन्सिल फिरवली, एका बाजूला दोन टाचण्या टोचल्या. मग पलीकडून एक डोळा मिटून, अगदी टेबलाला गाल लावून बघायचं. काचेतून दिसणाऱ्या दोन टाचण्यांच्या रांगेत तिसरी टोचायची, मग चौथी. चारही टाचण्या एकीमागे एक लपल्या की समजायचं जमलं. चीप उचलली आणि रेघा जोडल्या तर काचेत रेघ वाकलेली, आणि बाहेर पडताना पुन्हा पहिल्या रेघेला समांतर. पुस्तकातली आकृती मी पाच वेळा काढली होती, पण कळली त्या दिवशी. प्रात्यक्षिकाचे 20 मार्क आहेत, ते असे मिळवा.

आता कागदपत्रांचं. हे कंटाळवाणं वाटेल, पण सात जणांनी कळकळीने लिहिलंय. आपल्याकडे पुष्कळ मुलांचा जन्म मुंबईचा, आधार कार्ड तिकडचं, शाळेत नाव गावच्या पद्धतीने घातलेलं. एकीकडे वडिलांचं नाव दत्ताराम, दुसरीकडे दत्ता. माझ्या मैत्रिणीला आठवीत एनएमएमएसची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती लागली. वर्षाला 12,000 रुपये, नववी ते बारावी चार वर्षं. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलं की सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलांना ही परीक्षा देता येते. बौद्धिक क्षमतेचा आणि शालेय विषयांचा असे 90-90 मार्कांचे दोन पेपर असतात. तिने ती आठवीच्या वर्षी संध्याकाळच्या दिव्याखाली अभ्यास करून मिळवली होती. पण अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो, आणि आधारवरचं नाव शाळेतल्या नावाशी जुळेना म्हणून तिचे एका वर्षाचे पैसे अडकले. तिच्या आईने त्या पैशांवर सायकल धरली होती. तेव्हा आठवीतच शाळेचं रजिस्टर, आधार आणि बँकेचं पासबुक तिन्ही शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवून घ्या. दहावीला बोर्डाकडून प्री-लिस्ट येते. त्यात स्वतःचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख बोट ठेवून वाचा आणि मगच सही करा. पुढे गुणपत्रिकेवर तेच छापून येतं आणि शाळा सुटल्यावर दुरुस्ती करायला फार खेटे पडतात.

चित्रकलेची आवड असेल तर एलिमेंटरी, इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षा नववीपर्यंत देऊन टाका. इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला दहावीत 7 वाढीव गुण मिळतात, बीला 5, सीला 3. प्रमाणपत्र शाळेत वेळेवर द्यायचं विसरू नका.

पावसाचं दोघींनीच लिहिलंय, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. जुलैत लावणी असते. घरची माणसं कमी पडतात, मुलं शेतात जातात, आणि पऱ्याला, म्हणजे ओढ्याला पाणी चढलं की साकवावरून, त्यावरच्या छोट्या पुलावरून येता येत नाही. हे चुकणार नाही. म्हणून जूनमध्येच आपल्या वाडीतला, साकवाच्या आपल्याच बाजूचा एक वहीचा सोबती ठरवा. कोण कुठल्या दिवशी जाणार ते वाटून घ्या. आम्ही तिघींनी नववीत आणि दहावीत हेच केलं. संध्याकाळी पायाचा चिखल धुऊन चुलीजवळ बसून एकमेकींच्या वह्या उतरवायचो.

दहावीबद्दल थोडंच. गणित आणि विज्ञानाचे प्रत्येकी 40 मार्कांचे दोन-दोन पेपर असतात, वेळ दोन तास, वर शेवटी दहा मिनिटं जादा. ती दहा मिनिटं आहेत असं समजून लिहू नका, ती तपासायला ठेवा. टक्केवारी चांगल्या पाच विषयांची, 500 पैकी धरतात. आणि शिमगा परीक्षेतच येतो, हे धरून चाला. आमचा विज्ञान भाग दोन 12 मार्चला झाला, 13 ला होळी आणि 15 ला इतिहास. चाकरमानी आलेले, घर भरलेलं, रात्रभर ढोल. मी आजीच्या खोलीत दार लावून बसायची आणि ढोल वाजला की पाय आपोआप हलायचे. बाबा म्हणाले, "पालखी आपल्या घरी येईल तेव्हा ओटी भरायला ये, तेवढीच उठ." तशी उठले. 17 तारखेला भूगोलाचा पेपर देऊन आम्ही सगळे केंद्रावरून थेट पालखीला गेलो, गणवेशातच.

13 मे 2025 ला निकाल लागला. कोकण विभाग 98.82 टक्क्यांनी राज्यात पहिला आला. मला 81.40 टक्के मिळाले. आमच्यातला एक जण गणितात राहिला. एटीकेटीवर, म्हणजे राहिलेला विषय नंतर सोडवायच्या अटीवर त्याला अकरावीला प्रवेश मिळतो, हे त्याच्या घरी कुणालाच माहीत नव्हतं, बाईंनी जाऊन सांगितलं. असं कुणाचं झालं तर घरी बसून राहू नका, आधी शाळेत या.

आमच्या नववी-दहावीच्या पुस्तकांचे 31 संच ग्रंथालयाच्या खिडकीकडच्या कपाटात ठेवले आहेत. नववीत गेलात की बाईंकडे नाव सांगा आणि वहीत सही करून संच घ्या. वर्ष संपलं की तो परत त्याच कपाटात ठेवा. माझ्या नववीच्या बीजगणिताच्या पुस्तकावर निळं कव्हर आहे. त्यात बहुपदीच्या धड्यात शाईने केलेली उदाहरणं चुकलेली आहेत, बाजूला पेन्सिलीने बरोबर करून ठेवली आहेत. ती पेन्सिल पुसू नका.