मोठ्यांचा श्रवणवर्ग: आधी सम, मग राग

कोल्हापुरात मोठ्या माणसांसाठी शास्त्रीय गाणं ऐकायला शिकवणारा श्रवणवर्ग काढायचा म्हटलं की पहिला बेत ठरलेलाच: जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादियाखाँसाहेब इथले दरबारगायक होते, तेव्हा सुरुवात त्याच घराण्याच्या जोडरागानं, म्हणजे दोन राग सांधून केलेल्या रागानं, करू. तेवढं टाळा. गायकी जयपूरची घ्या, पण राग सोपा घ्या. या घराण्याचा बडा ख्याल (संथ लयीतली मोठी चीज) बहुधा सोळा मात्रांच्या तीनतालात असतो आणि लय फार संथ नसते, त्यामुळे नवख्यालाही सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सापडते. अतिविलंबित एकतालात एकेक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) मिनिटभर चालतं. तिथं मोजता मोजता माणूस हरवतो.

दहा-पंधरा जण, दीड तास, त्यात प्रत्यक्ष ऐकणं चाळीस मिनिटं. दोन स्पीकर बसलेल्यांच्या कानांच्या उंचीवर ठेवा. कोपऱ्यात ढकलले की डग्गा (तबल्याच्या जोडीतला खर्जाचा) नुसता घुमतो. आवाज नीट लागलाय का, याची कसोटी एकच: गाणं चालू असताना मागचा तानपुरा ऐकू यायला हवा. येत नसेल तर आवाज वाढवण्याआधी पंखा बंद करा. मोबाईलच्या स्पीकरवर डग्ग्याचा खर्ज जवळपास नाहीसाच होतो. फाइल चांगल्या प्रतीची (फ्लॅक किंवा ३२० केबीपीएस), नेटवरून आधीच उतरवून ठेवलेली; नाहीतर ऐन समेवर जाहिरात येते. छत पत्र्याचं असेल तर कोल्हापुरी पावसात वर्ग भरवण्यात अर्थ नाही.

पहिल्या दिवशी तीन मिनिटं फक्त तानपुरा लावा आणि सगळ्यांना तोंड मिटून ‘सा’ धरायला सांगा. मोठी माणसं लाजतात. दिवे मंद केले की गुणगुणू लागतात.

मग ताल. तीनतालातला, मध्यलयीतला छोटा ख्याल लावा. १, ५, १३ या मात्रांना टाळी, ९ला काल (टाळी न देता हात बाजूला). इथं हमखास घोटाळा होतो. काल नवव्या मात्रेवर दाखवतात, पण ठेक्यात (तबल्याच्या ठरलेल्या बोलांत) तिथं ‘धा’च असतो. डग्ग्याचा घुमारा जातो तो दहाव्या मात्रेच्या ‘तिं’पासून, आणि परततो चौदाव्या ‘धिं’वर. म्हणून बोटं मोजायला लावू नका. डग्गा परतला की सावध व्हा, त्या मात्रेसकट तीन मात्रा झाल्या की सम, एवढंच सांगा. दोन-तीन वर्ग यातच गेले तरी चालेल.

रागासाठी भूप आणि देशकार. स्वर तेच पाच, सा रे ग प ध. नावं न सांगता पाच-पाच मिनिटं ऐकवा आणि गायक जिथं विसावतो तिथं हात वर करायला लावा. भूपात हात गंधारावर (ग) वर जातात, देशकारात धैवतावर (ध). किशोरीताई आमोणकरांचा भूप सहज मिळतो, पण देशकारही शक्यतो स्त्रीगळ्यातलाच शोधा. षड्ज (सा) फार बदलला तर लोकांना रागाऐवजी पट्टीतला फरकच ऐकू येतो.

पहिल्या ऐकण्यात अजिबात थांबवायचं नाही. दुसऱ्यांदा थांबवाल तेव्हा सम आल्यावरच, आवर्तनाच्या मध्ये नाही. मैफलीचं चित्रीकरण शेवटी दाखवा. आधी दाखवलं तर कान गायकाच्या हातवाऱ्यांमागे धावतात. बंदिशीचा अर्थ विचारतील, एका वाक्यात सांगून मोकळे व्हा.

जोडराग आठव्या वर्गाला. मल्लिकार्जुन मन्सूरांचा बसंती केदार लावण्यापूर्वी बसंत आणि केदार स्वतंत्र ऐकवलेले असावेत, म्हणजे एकातून दुसऱ्यात शिरतानाचा सांधा लोक स्वतःच पकडतात.