कीपर व्हायचंय? आधी ओरडायला शिक

दरवर्षी जून लागला की पालकांचे फोन सुरू होतात. "ताई, मुलीला फुटबॉलमध्ये कीपर व्हायचंय, ग्लोव्हज कुठले घेऊ?" ग्लोव्हजचं नंतर बघू. माझा उलटा प्रश्न असतो, मुलगी मोठ्यानं ओरडते का? पलीकडे जरा शांतता. मग आई म्हणते, "नाही हो, आमची तशी गुणी आहे."

तिथंच अडतं सगळं. अख्खं मैदान समोर दिसतं ते फक्त कीपरला. बॅकच्या, म्हणजे गोलसमोर बचाव करणारीच्या, पाठीमागून कोण पळतंय हे बॅकला कळत नाही, ते तूच सांगायचंस. 'हळू बोल, शेजारी काय म्हणतील' ऐकत वाढलेल्या मुलीला डाइव्ह लवकर जमते, आवाज फुटायला वेळ लागतो. म्हणून नवीन मुलीला मी सुरुवातीला बॉलला हातच लावू देत नाही. गोलमध्ये उभं राहायचं आणि समोरच्या खेळाला हाका द्यायच्या. तीनच पुरतात. बॉल घ्यायला निघालीस तर 'कीपर!' निघणार नसलीस तर 'बाहेर!', म्हणजे बॅकनं मारून काढावा. आणि कुणाच्या पाठीवर माणूस आला तर तिचं नाव घेऊन 'मागे!' 'माझा' म्हणू नकोस, मैदानात सगळ्याच 'माझा' म्हणत असतात. हाक लवकर द्यायची आणि एकदाच. सेंटर बॅक वयानं मोठी असली तरी तिथं नावानंच हाक मारायची. 'प्राजक्ताताई, जरा डावीकडे होता का' एवढं म्हणेपर्यंत बॉल जाळ्यात असतो.

दुसरी गोष्ट, उभं कुठं राहायचं. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. एवढा कुणालाच झाकता येत नाही, त्यामुळे 'माझी उंची कमी आहे' म्हणून रडणाऱ्या मुलींना मी दोरीचा प्रयोग दाखवते. कपडे वाळत घालायची चाळीसेक मीटर नायलॉनची दोरी घे. दोन टोकं दोन्ही पोस्टच्या बुडाशी बांध. मैत्रिणीला दोरीचा मधला भाग पायाखाली दाबून बॉलजवळ, पेनल्टी एरियाच्या (गोलसमोरच्या मोठ्या चौकोनाच्या) कडेला उभं कर. आता तू गोललाइनवर उभी राहा आणि दोन्ही बाजूंच्या दोऱ्या तुझ्यापासून किती लांब आहेत ते बघ. दोन पावलं पुढे ये. पुन्हा बघ. आणखी दोन. दोऱ्या जवळ येत जातात, म्हणजे तुला झाकायची जागा कमी होत जाते. मग मैत्रिणीला विंगकडे, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या कडेला सरकव आणि तूही दोन्ही दोऱ्यांच्या बरोबर मध्ये सरक. फार पुढे आलीस तर बॉल डोक्यावरून जाणार, तेही तिथंच करून बघ. अर्ध्या तासात जे कळतं ते फळ्यावर आकृत्या काढून कळत नाही. उंचीचा फायदा क्रॉस, म्हणजे बाजूनं गोलसमोर उडवलेला बॉल, पकडताना असतो आणि सिलेक्शनलाही ती बघतात, खोटं कशाला सांगू. पण खालच्या पातळीवरचे निम्मे गोल मला चुकीच्या जागेमुळे झालेले दिसतात.

जागा घेतलीस की थांब. समोरचीचा पाय बॉलला लागतो त्या क्षणी तुझे दोन्ही पाय जमिनीवर आणि वजन चवड्यांवर हवं. पळता पळता शॉट आला तर उडीच मारता येत नाही.

हातांचं थोडक्यात. छातीच्या वरचा बॉल घेताना दोन्ही अंगठे जवळजवळ टेकलेले आणि बोटं पसरलेली. जमिनीवरून येणाऱ्या बॉलला करंगळ्या जवळ, आणि हातांमागे पाय किंवा गुडघा आडवा हवाच. बॉल उसळला की हात चकतात आणि आपली बहुतेक मैदानं मुरमाची आहेत, तिथं तो उसळणारच.

याच मुरमामुळे डाइव्ह शिकायला पुण्यात पावसाळ्यासारखा दुसरा मोसम नाही. जुलैमध्ये मैदान मऊ झालं की आधी बसून, मग गुडघ्यावर, मग उकिडवं आणि शेवटी उभ्यानं बाजूला पडायचं. पडताना मांडी, कंबर, खांदा या क्रमानं जमिनीला लागलं पाहिजे. कोपर आधी टेकवलंस तर महिनाभर घरी बसशील. आतून जाड, गडद रंगाची टाइट्स घाल. खरचटणं कमी होतं आणि पाळीच्या दिवसांत डागाची धास्ती राहत नाही. इंग्लंडच्या मुलींनी २०२३ मध्ये याच कारणासाठी पांढऱ्या शॉर्ट्स सोडल्या, तेव्हा यात लाजण्यासारखं काही नाही. कोचलाही सरळ सांगायचं. मुलींसाठी धड बाथरूम नसलेल्या मैदानांबद्दल मात्र एकदा वेगळंच लिहावं लागेल.

आता ग्लोव्हज. मऊ लॅटेक्सचे महागडे ग्लोव्हज मुरमावर बघता बघता फाटतात. सरावाला स्वस्त, कडक तळव्याचे घ्या आणि चांगली जोडी मॅचला ठेवा. घालण्याआधी तळवे किंचित ओले करायचे, खेळून झालं की साध्या पाण्यात हातानं धुवायचे आणि सावलीत वाळवायचे. गॅलरीच्या कठड्यावर एप्रिलच्या उन्हात टाकलेत तर लॅटेक्सला तडे जातात.

पायांकडे दुर्लक्ष नको. १९९२ पासून आपल्या खेळाडूनं मुद्दाम पायानं दिलेला पास कीपरला हातात घेता येत नाही. शिवाय २०२५ पासून बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरलास तर समोरच्या टीमला कॉर्नर मिळतो. शेवटची पाच सेकंदं रेफरी हात वर करून मोजतो. तेवढ्यात कुणाला द्यायचा हे ठरलेलं हवं.

पेनल्टीसाठी पुण्यातल्या बालेवाडीची मॅच बघ. ३ फेब्रुवारी २०२२, महिला आशिया कपची सेमीफायनल, चीन विरुद्ध जपान. २-२ बरोबरी आणि मग पेनल्टीवर चीन ४-३. चीनची कीपर झू यू हिनं दोन अडवल्या आणि पुढे चीननं कपही नेला. मॅच बघताना बॉलकडे बघू नकोस, फक्त झू यूचे पाय बघ. किक लागेपर्यंत एक पाऊल तरी लाइनवर हवं हा नियम आहे.

गुडघ्याची एसीएल (आतला लिगामेंट फाटण्याची) दुखापत मुलींना मुलांपेक्षा जास्त होते. 'फिफा ११+' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप फुकट बघायला मिळतो, तो सोडायचा नाही.

करिअरचं विचाराल तर वाट साधारण अशी: शाळेच्या जिल्हा स्पर्धा आणि शाळांचा सुब्रतो कप, मग क्लबकडून पुणे जिल्ह्याची लीग, तिथून महाराष्ट्राची ट्रायल, राज्याच्या टीममधून राजमाता जिजाबाई करंडक (राज्यांच्या महिला टीमची राष्ट्रीय स्पर्धा) आणि त्यापुढे इंडियन विमेन्स लीग, म्हणजे देशातली महिला क्लबांची वरची लीग. भारताची कीपर अदिती चौहान २०१५ मध्ये वेस्ट हॅमकडून इंग्लंडमध्ये खेळली. लहानपणी ती बास्केटबॉलही खेळायची. त्यामुळे नववीपर्यंत मुलीला कबड्डी, बास्केटबॉल खेळू द्या, मुलांमध्येही खेळवा. पैशाच्या बाबतीत डोळे उघडे ठेवा. भारतीय फुटबॉल फेडरेशननं २०२३ मध्ये विमेन्स लीगच्या क्लबांना किमान दहा भारतीय मुलींना वर्षाला निदान ३ लाख २० हजारांचा करार द्यायला सांगितलं. तिथं पोचणाऱ्या थोड्या आणि टीममध्ये कीपरची जागा एकच. म्हणून पदवी सोडायची नाही, सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणासाठी प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र जपून ठेवायचं आणि जमल्यास कोचिंगचा डी लायसन्स करून ठेवायचा.

ट्रायलला जाताना जन्मदाखला, आधार, फोटो, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घ्या. दोन जोड्या ग्लोव्हज, पाणी आणि घरचा डबा. सकाळी सातची वेळ दिली असेल तर साडेसहाला पोचा, कारण कीपरला स्वतःचा वॉर्म-अप वेगळा करावा लागतो आणि तिथं तिच्यावर शॉट मारायला कुणी मोकळं नसतं. एक मैत्रीण सोबत न्या.